बागेसाठी टिकाऊ यंत्रे आणि हत्यारे: काय घ्यावे, कशावरून ओळखावे

विचारणा अशी आहे: लांजा तालुक्यात तीन एकर आंबा-काजूची वडिलोपार्जित बाग, मालक पुण्यात नोकरीला, गावी एक गडी, मालकाची महिन्यातून एखादी फेरी. ग्रासकटर, फवारणीचा पंप, चेनसॉ आणि हातची हत्यारे एकदाच चांगली घ्यायची आहेत. पुढची दहा वर्षे त्यांच्यामागे धावायला लागू नये. ऑनलाइन ८-१० हजारांत ‘५२ सीसी’ लिहिलेला ग्रासकटर मिळतो, तर दुकानदार त्याच्या तिप्पट किमतीचा आणि कमी सीसीचा घ्या म्हणतो. कोणाचे ऐकायचे?

दुकानदाराचे ऐका, पण एका अटीवर. पैसे देण्याआधी त्याच्याकडे पाच वस्तू मागा: कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला रबराचा पातळ पडदा), क्लचचे शू, स्टार्टरची स्प्रिंग, टाकीतला पेट्रोल फिल्टर नळीसकट, आणि खालच्या टोकाचा गिअर हेड. या पाचही वस्तू त्याने फडताळातून काढून समोर ठेवल्या तर यंत्र घ्या. ‘मागवून देतो’ म्हणाला तर किती दिवसांत, ते विचारा. कोकणात ग्रासकटरला खरे काम पडते ते पाऊस ओसरल्यावर, बेणणीच्या, म्हणजे बागेतले गवत-झुडपे मारण्याच्या वेळी. त्या महिना-दीड महिन्यात शंभर रुपयांच्या डायफ्रामसाठी पंधरा दिवस यंत्र पडून राहिले, तर ते कितीही भारी कंपनीचे असो, तुमच्या उपयोगाचे नाही. मी ही यंत्रे दुरुस्त करतो. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या आणि अजून चालणाऱ्या यंत्रांत एक गोष्ट सारखी दिसते: त्यांचे भाग जवळ मिळत राहिले आणि मालकाने ते वेळच्या वेळी बदलले. न मोडणारे यंत्र मी अजून पाहिलेले नाही. दुरुस्त होत राहते ते टिकते.

आता त्या ‘५२ सीसी’बद्दल. अशा यंत्रांच्या इंजिनावर बहुधा ‘४४एफ-५’ किंवा ‘४०एफ-५’ असा क्रमांक असतो. पहिला आकडा म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४४ मिलिमीटरचे इंजिन ५१.७ सीसीचे, ४० मिलिमीटरचे ४२.७ सीसीचे. खोक्यावर ५२ छापलेले आणि आत ४० मिलिमीटरचे इंजिन, असे यंत्र माझ्या टेबलावर आलेले आहे. म्हणून खोके न वाचता इंजिन वाचा. तरीही या यंत्रांना सरसकट टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी तेच एक इंजिन विकले जाते, त्यामुळे एकाचे भाग दुसऱ्याला बसतात, स्वस्त असतात आणि तालुक्याच्या गावी सहज मिळतात. खोट आहे ती सिलिंडरच्या आतल्या मुलाम्यात, क्रँकच्या बेअरिंगमध्ये, कार्बोरेटरच्या रबरात आणि हादऱ्यांत. दिवसभर असे यंत्र चालवलेल्या गड्याच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी तो यंत्राला हात लावायला कुरकुरतो, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र ‘बिघडते’. अंगणाभोवतीचे गवत वर्षातून दोनदा मारायचे असेल तर स्वस्तातले घ्या, पैसे वसूल होतील. तीन एकर बागेला नको.

तीन एकरांसाठी माझ्या मते खरी निवड दोन प्रकारांत आहे. टू-स्ट्रोकमध्ये स्टिल कंपनीचा एफएस १२० (३०.८ सीसी) किंवा एफएस २५० (४०.२ सीसी), आणि याच ताकदीचे हस्क्वर्नाचे ग्रासकटर. फोर-स्ट्रोकमध्ये होंडाच्या जीएक्स-३५ इंजिनाचा, ३५.८ सीसीचा, यूएमके ४३५. रानमोडीची जाड खोडे आणि करवंदीची जाळी मारायची असेल तर एफएस २५० सारखे दमदार यंत्र बरे. नुसते गवत आणि वेली असतील तर बाकीचे दोन्ही पुरे.

तुमच्या बाबतीत मी फोर-स्ट्रोक सुचवेन. कारण ताकदीचे नाही, मालक पुण्यात असण्याचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःचे वेगळे तेल नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच त्याचे वंगण. गड्याने एकदा जरी नुसते पेट्रोल टाकून यंत्र तासभर चालवले, तरी पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही जातात, आणि ते बदलण्याचा खर्च स्वस्तातल्या नव्या यंत्राच्या घरात जातो. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतेच टाकायचे. त्याच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तेलाच्या पेटीत) मात्र जेमतेम १०० मिलिलिटर तेल असते, त्यामुळे ते रोज सकाळी बघायलाच हवे. पहिल्या १० तासांनंतर आणि पुढे दर ५० तासांनी ते बदलायचे. जीएक्स-३५ कसेही आडवे-तिरके धरले तरी तेल सगळीकडे पोहोचेल अशी त्याची रचना आहे, म्हणून उतारावरच्या बागेतही ते चालते.

गडी जुना, विश्वासू आणि टू-स्ट्रोकला सरावलेला असेल तर मात्र त्याच्या हातातले वळण बदलायला जाऊ नका. टू-स्ट्रोकच घ्या आणि मिश्रणाची शिस्त लावा. १:५० म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर. स्टिल १:५० सांगते ते तिच्या स्वतःच्या तेलासाठी. साधे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल वापरायचे तर १:२५. बाटलीच्या झाकणाने मोजू नका. औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि ती सिरिंज तेलाच्या बाटलीला दोऱ्याने बांधून ठेवा. मिश्रण नेहमी वेगळ्या कॅनमध्ये करा, हलवा, मग टाकीत ओता. थेट टाकीत आधी पेट्रोल आणि वरून तेल ओतणाऱ्यांची यंत्रे माझ्याकडे फार येतात.

इथेनॉलबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत कार्बोरेटरच्या तक्रारी वाढल्या आहेत. २०२२ च्या मध्याला देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉल १० टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. मोटारसायकलमध्ये पेट्रोल आठवड्याभरात संपते, तिथे फारसे बिघडत नाही. ग्रासकटरच्या टाकीत तेच पेट्रोल डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत पडून असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि कोकणच्या हवेत ओल किती हे सांगायला नको. पाणी एका प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. फिल्टरही तळाशीच असतो. म्हणजे इंजिन आधी तो थर ओढणार, आणि वाईट म्हणजे टू-टी तेल त्या थरात नसते, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. यंत्र सुरू झालेच तर कोरडे चालते. शिवाय डायफ्रामचे रबर कडक होते ते वेगळेच. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. नवे यंत्र घेताना पुस्तिकेतले इंधनाचे पान दुकानातच उघडा, २० टक्क्यांचा उल्लेख आहे का बघा, नसेल तर दुकानदाराला तोंडावर विचारा. यंत्र कोणतेही असो, मिश्रण महिन्याच्या आत संपवा आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करा.

जुने यंत्र घेण्याचा विचार असेल तर त्यात वावगे काही नाही. चांगल्या कंपनीचे सांभाळलेले जुने यंत्र नव्या स्वस्त यंत्राला भारी पडते. पण ते सुरू करून आवाज ऐकण्यावर विसंबू नका. विकणारा ते आधीच गरम करून ठेवतो आणि गरम इंजिन पटकन सुरू होते. गार यंत्र दाखवायला सांगा. मग सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढायला सांगा. नाही म्हणाला तर तिथूनच परत या. सायलेन्सर निघाला की एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाका आणि स्टार्टरची दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करा. पिस्टनची कड गुळगुळीत, करड्या रंगाची आणि त्यावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील तर इंजिन चांगले आहे. उभे ओरखडे दिसले, अॅल्युमिनियम फासल्यासारखे चकाकणारे चट्टे दिसले, तर ते यंत्र कधीतरी तेलाविना किंवा कमी तेलाच्या मिश्रणावर तापले आहे. एक्झॉस्टची बाजू साफ आहे, पण कार्बोरेटर काढल्यावर त्या बाजूला पिस्टन घासून निस्तेज झालेला दिसतो, असेही होते. याचा अर्थ एअर फिल्टर फाटका होता किंवा फिल्टरशिवाय यंत्र चालवले, आणि धूळ आत गेली. पहिल्या प्रकारात मालक मिश्रणात चुकला, दुसऱ्यात साफसफाईत. दोन्हीपैकी काहीही दिसले तर किंमत निम्मी करून मागा, नाहीतर सोडा. शेवटी प्लग बसवून, यंत्र बंद ठेवून, दोरी सावकाश ओढा. एका जागी चांगला अडथळा लागला पाहिजे. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी आली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेले आहे.

चांगली यंत्रे लवकर मरण्याचे एक कारण मला दर हंगामात दिसते, ते म्हणजे काढून टाकलेला गार्ड. गार्डवर एक लहान पाते असते. तंगूस (गवत कापणारी नायलॉनची दोरी) ठराविक लांबीपेक्षा जास्त बाहेर आले की ते पाते त्याला कापते. गवत अडकते म्हणून गडी गार्डच काढतो, मग तंगूस हातभर लांब ठेवतो, कारण एका फेरीत जास्त गवत पडते. पण तेवढा भार उचलायला ते इंजिन बनलेलेच नाही. इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात, क्लच घसरत राहतो, तापतो, ड्रम निळा पडतो. इंजिनाला हवा कमी मिळते, तेही तापते. गार्डशिवाय जांभ्याचा खडा उडून नडगीला किंवा डोळ्याला लागतो, हे तर आहेच. गड्याला गार्ड काढू देऊ नका आणि चष्म्याशिवाय यंत्र देऊ नका. एवढ्याच कडकपणे गिअर हेडच्या ग्रीसचे बघा. साधारण २५ तासांनी बोल्ट उघडून थोडे ग्रीस भरायचे. ठासून भरू नका, तापल्यावर ते सील फोडून बाहेर येते.

उताराच्या, टप्प्याटप्प्यांच्या बागेत पाठीवरचा ग्रासकटर सोयीचा वाटतो, आणि काम करताना आहेही. पण त्याची वळणारी केबल वेळच्या वेळी ग्रीस मागते आणि झिजते. रोज लक्ष ठेवणारे कोणी नसेल तर सरळ दांड्याचाच बरा.

हंगाम संपला की करायचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण दहा वर्षांपैकी निम्मी वर्षे तिथे ठरतात. टाकी रिकामी करा, मग कार्बोरेटरमधले उरलेले संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. गार झाल्यावर प्लग काढा, भोकातून चमचाभर तेल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग लावा आणि अडथळा लागेल तिथे दोरी सोडून द्या. टू-स्ट्रोकमध्ये त्या जागी पिस्टनने भोके झाकलेली असतात, आत ओल शिरत नाही. फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याची शेपटी लांब बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काढायला कोणी विसरणार नाही. बोळा का, तर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते. सुरूच होत नाही म्हणून आणलेल्या यंत्राच्या सायलेन्सरमधून मी तिचे चिखलाचे घर कोरून काढले आहे, इंजिनात दुसरा दोष काहीच नव्हता. यंत्र जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टांगा. चुलीच्या वरच्या माळ्यावरही नको, धूर आणि काजळीने रबर जाते.

फवारणीचे म्हणाल तर मोठ्या हापूसच्या झाडांना पाठीवरचा पंप पोहोचत नाही. तिथे इंजिनावरचा, जास्त दाबाने औषध उंच फेकणारा एचटीपी पंपच लागतो. पूर्वी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी इंजिने बागांत सर्रास होती. रॉकेल मिळेनासे झाले तशी ती मागे पडली, आज घ्यायचे तर होंडाच्या जीएक्स-१६० च्या ताकदीचे पेट्रोल इंजिन. पंप घेताना प्लंजर (आत पुढे-मागे होणारे दट्टे) चिनी मातीचे आहेत का बघा, ते औषधाने झिजत-गंजत नाहीत. पॅकिंगचा संच पंपाबरोबरच विकत घेऊन ठेवा. अॅस्पीसारखी मुंबईची जुनी कंपनी १९४६ पासून या धंद्यात आहे, तिचे वॉशर आणि नोझल गावोगाव मिळतात, आणि मी ज्याला टिकाऊपणा म्हणतो तो हाच. बागेत सुपारी असेल आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण मारत असाल तर फवारणी संपल्यावर पाच मिनिटे स्वच्छ पाणी फिरवल्याशिवाय पंप बंद करू नका. मोरचूद लोखंड खातो.

लहान कलमांसाठी बॅटरीवरचा पाठीचा पंप पुरतो. त्यातली १२ व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी बहुतेक वेळा वापराने मरत नाही, न वापरल्याने मरते. फवारणी संपली, बॅटरी अर्धी उतरलेली, पंप चार महिने पडवीत. उघडावे तर ती चार्जच घेत नाही. ठेवताना पूर्ण चार्ज करा आणि दर महिन्याला, तुम्ही गावी याल तेव्हा, एक रात्र चार्जिंगला लावा. लिथियम बॅटरीची अवजारे घेतलीत तर नियम उलटा: ती भरगच्च चार्ज करून ठेवू नका, साधारण निम्मी भरलेली, गार जागी ठेवा. लिथियम बॅटरीचे ग्रासकटर घराभोवती छान चालतात, आवाज कमी, कटकट कमी. तीन एकर बेणायला मात्र अजून मी त्यांच्यावर भिस्त ठेवणार नाही.

विहिरीवर आजोबांच्या वेळचे डिझेल इंजिन असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका. उदाहरणार्थ किर्लोस्करांचे पाच हॉर्सपॉवरचे एव्ही-१ बघा: ५५३ सीसी, बिडाचा ब्लॉक, आणि मिनिटाला १५०० फेऱ्या. जीएक्स-३५ आपली ताकद देते तीच ७००० फेऱ्यांना. जितक्या फेऱ्या जास्त तितकी झीज जास्त, आणि हलके यंत्र हवे तर फेऱ्या वाढवाव्याच लागतात. ते जुने इंजिन जड आहे, हळू आहे, तेलात बुडून चालते आणि त्याचा लायनर, पिस्टन, नोझल आजही मिळतो. गड्याच्या खांद्यावर टांगायच्या यंत्राकडून तसे आयुष्य मागता येत नाही. ग्रासकटरचा हिशेब वर्षांत करू नका, चाललेल्या तासांत करा. गड्याला भिंतीवर खडूने तास लिहायला सांगा. तेल, ग्रीस, फिल्टर सगळे त्यावरून ठरते.

हातच्या हत्यारांना फार पैसे लागत नाहीत, पारख लागते. फावडे, टिकाव, पहार यांसाठी टाटा अॅग्रिको डोळे मिटून घ्या. टाटांचा हा १९२५ पासूनचा शिक्का, माल घडीव पोलादाचा. कोयता मात्र लोहाराकडूनच करून घ्या, ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा. आठवडा बाजारात मिळणारे पत्र्याचे कोयते दिसायला तसेच असतात, पण काजूच्या वाळक्या फांदीवर मारले की धार दुमडते. लोहाराला पाणी (तापवून बुडवून कडक करणे) फक्त धारेला द्यायला सांगा, पाठ नरम राहिली पाहिजे, नाहीतर कोयता दगडावर पडून तुटतो. दांडा धामणीचा मिळाला तर सोने, तो लवचीक असतो, हाताला झटका बसत नाही. आणि नव्या कोयत्याला गॅरेजमधल्या ग्राइंडरवर कधीही धार लावू नका. ठिणग्या उडतात, धार लखलखते, पण कडेला निळी झाक आली की तिथले पाणी उतरले, आता ती धार टिकणार नाही. कानस किंवा दगड वापरा, आणि जाड झाला की शेवटायला, म्हणजे तापवून धार पातळ करून घ्यायला, पुन्हा लोहाराकडे. छाटणीच्या कात्रीत स्वित्झर्लंडची फेल्को महाग आहे, पण तिचे पाते, स्प्रिंग, बोल्ट सगळे सुटे मिळते आणि बदलता येते. कलमांची छाटणी स्वतः करणार असाल तर घ्या. गड्याच्या हाती द्यायची तर लुधियानाची फाल्कन पुरे.

राहिला चेनसॉ. तो तूर्त घेऊ नका. तीन एकरांत तो वर्षातून तीन-चार दिवस लागतो, बाकीचे दिवस कार्बोरेटर सुकत बसतो, आणि नवख्या माणसाच्या हातात तो सगळ्यांत धोक्याचा. गावात चेनसॉ चालवणारा माणूस यंत्रासकट मिळतो, त्याला बोलवा. पुढे घ्यावासा वाटलाच तर स्टिलचा एमएस १८० (३१.८ सीसी) एवढा पुरतो. त्याच्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ती बरोबरच घ्या. चेनला चेनचेच तेल, गाडीचे काढलेले काळे तेल नको, त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि बार खाऊन टाकतो. बोलावलेल्या माणसाच्या यंत्रातून लाकडाच्या कपच्या उडतात की पिठासारखा भुगा पडतो, तेही बघा. भुगा पडत असेल तर त्याला आधी चेन घासायला सांगा, मग झाडाला हात लावू द्या. बोथट चेन फांदी कापत नाही, जाळते, आणि आंब्याला तशी जखम भरून यायला फार वेळ लागतो.